सर, जरा थांबा हां

"सर, जरा थांबा हां," असं म्हणून मामा आधी टीव्हीला हात जोडायचे आणि मगच रिमोटचं बटण दाबायचे. पडद्यावरचे प्राध्यापक तोंड अर्धवट उघडं ठेवून जागच्या जागी थिजायचे, त्यांच्या टायवर एक पांढरी रेघ थरथरत राहायची, आणि मामा वर्गाकडे वळून विचारायचे, "हं, कुनाला न्हाई कळलं?" शंकेचं निरसन झालं की पुन्हा नमस्कार. "चला सर." की प्राध्यापक पुढं चालू. मास्तर काचेमागचा असला म्हणून काय झालं, त्याला न विचारता गप्प करायचं नाही, असा मामांचा नियम होता.

मामा आमच्या महाविद्यालयाचे शिपाई. नगर-मनमाड रस्त्यावर, कोल्हारपासून एसटीनं वीसेक मिनिटांवर आमचं महाविद्यालय होतं, आणि मी तिथं घड्याळी तासिकेवर अर्थशास्त्र शिकवायचो. घड्याळी तासिका म्हणजे तास चालू असेपर्यंत प्राध्यापक आणि मामांनी टोल दिला की बेकार. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आलं. विद्यार्थ्यांनी नोकरी-धंदा सांभाळून घरी पुस्तकं वाचायची, दर रविवारी अकरा ते दोन केंद्रात येऊन विद्यापीठाच्या व्हिडिओ कॅसेट पाहायच्या, आणि कॅसेटमध्ये न समजलेलं समोरच्या समंत्रकाला विचारायचं, अशी योजना होती. समंत्रक म्हणजे मी. मंत्री होण्याचा योग पत्रिकेत नव्हता, तेव्हा समंत्रक तर समंत्रक, म्हणून मी हो म्हटलं.

केंद्रासाठी टीव्ही आणि व्हीसीआर विकत घेतला गेला. तो पहिले चार महिने प्राचार्यांच्या बंगल्यावर चाचणीसाठी ठेवला होता. क्रिकेटचे सामने चालू झाले तेव्हा तर चाचणी फारच कसून झाली. मामा रोज संध्याकाळी बंगल्याच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि "साहेब, इद्यार्थी इचारत्यात," एवढंच म्हणायचे. नवव्या संध्याकाळी टीव्ही मामांच्या डोक्यावरून केंद्रात आला.

या दूरच्या शिक्षणाचे फायदे मी त्या काळात स्टाफरूममध्ये हिरिरीनं सांगायचो. कॅसेटमधला प्राध्यापक वेळेवर येतो. त्याची म्हैस व्यायला झालेली नसते, त्याच्या उसाला तोड आलेली नसते, तो पतसंस्थेच्या निवडणुकीला उभा राहत नाही. तो गेल्या वर्षीचंच सांगतो हे खरं, पण मग आम्ही तरी काय वेगळं करत होतो. तोटा एकच, की त्याला प्रश्न विचारता येत नाही. त्यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी पेपर खाली ठेवून म्हणाले, हा तोटा कसा, शिक्षणक्षेत्राची ही तर फार जुनी मागणी आहे.

आमच्या रोजच्या वर्गात हजेरी कशी लागायची ते तुम्हीही कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात पाहिलं असेल. एक पोरगा पाच आवाजांत पाच जणांची हजेरी द्यायचा आणि बाकीचे चौघे स्टँडवर चहा पीत बसलेले असायचे. मामांच्या रविवारच्या रजिस्टरची तऱ्हा अगदी उलटी. केंद्रात नावं बेचाळीस, प्रत्यक्ष येणार सात, फार तर नऊ. पण मामा बेचाळीसही नावं मोठ्यांदा घ्यायचे, आणि न आलेल्याच्या घरात नुसता शून्य न काढता कारण लिहायचे. अकोले तालुक्यात डोंगरातल्या उपकेंद्रात नर्स असलेल्या एक बाई होत्या, त्यांच्यापुढं 'बाळंतपण, वस्तीवर' असं असायचं. एक एसटी कंडक्टर होते, त्यांच्यापुढं 'मनमाड गाडी'. शिर्डीत सासरचं हार-प्रसादाचं दुकान सांभाळणारी एक सून होती, तिच्या ओळीत 'सुटीची गर्दी' हे दोन शब्द महिन्यातून चारदा यायचे.

ही कारणं त्यांना कळायची एसटी स्टँडवर. सोमवारी सकाळी ते स्टँडवर जाऊन जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांबरोबर निरोप पाठवायचे, की चौथा पाठ झाला, आकृती तेवढी राहिली, पुढच्या रविवारी ती पुन्हा दाखवू. त्यासाठी त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. प्राचार्यांना तर हे रजिस्टर म्हणजे मोठाच विनोद वाटायचा. मुक्त विद्यापीठात गैरहजर असं कोणी नसतंच, असं ते मामांना समजावून सांगायचे, आणि मामा "व्हय साहेब" म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा कारणं लिहायचे.

एकदा मामा पिण्याचं पाणी भरायला टाकीवर गेले होते, तेव्हा मी सहज ते रजिस्टर चाळलं. बेचाळिसाव्या ओळीत नाव मामांचं होतं. आडनावासकट, वळणदार अक्षरात. आणि त्या ओळीत वर्षभराच्या प्रत्येक रविवारी एकच कारण होतं, 'ड्युटीवर'.

मामा आल्यावर मी विचारलं, "मामा, हे तुम्हीच?"

"व्हय. बारावी नसलेल्यान्ला पूर्वतयारीची परीक्षा आसती, ती दिली, पास झालो, मंग बीएला नाव घातलं. हे दुसरं वरीस हाय."

नववीत शाळा सुटलेला हा माणूस दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर शिकत होता आणि मला पत्ता नव्हता. बेचाळीस विद्यार्थ्यांच्या याद्यांवर मी दर सत्राला सही करत होतो. सही करण्यासाठी यादी वाचावी लागते असं मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी म्हटलं, "पण तुम्ही गैरहजर कसे? दर रविवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत इथं असता."

"आसतो, पन शिपाई म्हनून. हापिसात रविवारच्या मस्टरवर सही करतो ना मी. एका येळेला एक मानूस दोन मस्टरवर कसा हजर ऱ्हाईल, सर?"

मी मनातल्या मनात आमच्या स्टाफची उजळणी केली. सही मस्टरवर, शरीर उसात आणि पगार बँकेत, असे एकाच वेळी तीन ठिकाणी हजर राहणारे निदान चौघे निघाले. पण ते उच्चशिक्षित होते.

पदवी कशाला हवी, असं मी त्यांना विचारलं. बढती मिळणार नव्हती, वय निघून गेलं होतं, पुढच्या वर्षी मे महिन्यात निवृत्ती होती. मामांनी कपबशा धुता धुता सांगितलं. "तीस वर्सं झाली, पदवीदानाला ताट मी धरतो. ताटात पदव्यांच्या गुंडाळ्या, वर लाल फिती. पाव्हने एकेक उचलत्यात आन् पोरान्ला देत्यात. वाढपी हाय मी, सर. रिटायर व्हायच्या आत एक डाव पंगतीला बसायचं हाय." मग कपबशा पालथ्या घालून ते म्हणाले, "माझ्या बापाला तर पंगतीच्या आसपासबी उभं करत न्हवते." चहात साखर कमी पडली हे ज्या आवाजात सांगावं त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं, आणि टोल द्यायला निघून गेले.

मामांचं घर बुद्धविहाराला लागून होतं. विहाराचा झाडू आणि महाविद्यालयाचा झाडू, दोन्ही त्यांच्याच हातात. ते अभ्यास कधी करतात असं विचारलं तर म्हणायचे, दोन टोलांच्या मधी.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं. ज्या विद्यार्थ्यानं किमान दहा रविवारी हजेरी लावलेली नाही, त्याचा परीक्षेचा अर्ज पाठवू नये. मामांच्या प्रामाणिक रजिस्टराप्रमाणे बेचाळिसांपैकी सहा जण परीक्षेला बसू शकले असते. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, नवं कोरं रजिस्टर पुढं केलं आणि शैक्षणिक मार्गदर्शन केलं. त्यानुसार मी दुपारभर बसून, खरं वाटावं म्हणून दोन निरनिराळ्या पेनांनी, सगळ्यांच्या हजेऱ्या भरल्या. नर्सबाई ज्या रविवारी डोंगरातल्या वस्तीवर बाळंतपण करत होत्या, त्या रविवारी मी त्यांना कोल्हारच्या अलीकडे मागणी आणि पुरवठा शिकवला.

बेचाळिसाव्या नावाशी प्राचार्यांनी माझा हात धरला. मामांची शिपाई म्हणून त्याच वेळेची सही ऑफिसच्या मस्टरवर होती, ऑडिटमध्ये ते दिसलं असतं. पस्तीस माणसं खोटी हजर दाखवायला प्राचार्यांची हरकत नव्हती, पण खरोखर हजर असलेला एक माणूस हजर दाखवणं त्यांना नियमबाह्य वाटलं. एवढा अप्रामाणिकपणा संस्थेला परवडणार नाही, असं ते गंभीरपणे म्हणाले. मी समोर मान डोलावली, कारण माझ्या तासिका पुढच्या वर्षी चालू ठेवणं त्यांच्याच हातात होतं.

मामांना हे सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "परीक्षेआधी रविवार किती ऱ्हायलेत?" अकरा होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा रविवारांच्या रजेचा अर्ज टाकला. हेडक्लार्कनं तो अर्ज सगळ्या ऑफिसला दाखवला. रविवारी रजा मागणारा माणूस त्यानं उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. कारणाच्या रकान्यात मामांनी लिहिलं होतं, 'हजर राहण्यासाठी'.

रजा मंजूर झाली. बदली शिपाई मात्र कोणाला सुचला नाही.

त्या पहिल्या रविवारी मी पोचलो तर मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, पुस्तक छातीशी धरून, बाकीच्यांबरोबर व्हरांड्यात उभे होते. किल्ली माझ्याकडे होती. मी कुलपाशी झटापट करत असताना मामांचा हात दोनदा पुढं आला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मागं घेतला. मग मी वर्ग झाडला, पाणी भरलं, व्हीसीआरच्या वायरी जोडल्या. चित्र आलं, आवाज येईना. पहिल्या बाकावरून मामा हळूच म्हणाले, "पांढरी वायर, सर," आणि जीभ चावून पुस्तकात बघू लागले.

हजेरी मी मामांच्याच रजिस्टरात घेतली, नव्यात ती नंतर उतरवायची होती. न आलेल्यांची कारणं मला माहीत नव्हती. मी नाव घेऊन थांबलो की बाकावरून कारण यायचं, आणि मी ते लिहायचो. शेवटी बेचाळिसावं नाव आलं. मी ते घेतलं. मामा क्षणभर तसेच बसून राहिले, जणू त्या माणसाचं कारण आठवत होते. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हजर."

मी चेष्टेखोर माणूस आहे, पण त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी उगाच फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशीची कॅसेट श्रमाच्या बाजाराची होती. प्राध्यापक टाय सारखा करत म्हणाले, मजूर हा जिथं जास्त मजुरी मिळेल तिथं जातो. मामा उठले. सवयीनं हात जोडले. "सर, जरा थांबा हां." प्राध्यापक थांबेनात, कारण रिमोट माझ्याकडे होता. मी घाईत भलतंच बटण दाबलं आणि प्राध्यापक हातवारे करत भराभर पुढं पळाले. वर्ग हसला. अखेर मला बटण सापडलं.

मामा म्हणाले, "माझा बाप गावकी करायचा. निरोप घेऊन अनवानी पळायचं, मेलेली ढोरं वढायची. मजुरी म्हनून शिळ्या भाकरी. पलीकडं साखर कारखाना निघाला, थितं रोख पगार हुता. धर्म बदलला तवा कुठं त्यानं गावकी टाकली. त्याआधी त्यो कारखान्यावर का गेला न्हाई, हे कुठल्या पाठात हाय?"

मी पुस्तकाची अनुक्रमणिका चाळू लागलो. मामा म्हणाले, "मी ह्यो प्रश्न दोनदा स्वाध्यायात ल्हिला हुता, सर. तुमी खाली ल्हिलं, 'चांगले. मुद्देसूद लिहा.' म्हनून तोंडानं इचारतो. कॅसेटीतल्या सरान्ला ऐकू येत न्हाई, त्यांचं मी समजू शकतो."

विद्यार्थी घरून जे स्वाध्याय लिहून आणायचे ते मी तपासायचो, म्हणजे जाडी पाहून गुण द्यायचो. बेचाळीस जणांना शेरा तोच, कारण तो मी एकदाच विचार करून ठरवला होता. शिक्षणातलं अंतर कमी करण्याबद्दल मी स्टाफरूममध्ये इतकं बोललो होतो, आणि पहिल्या बाकापर्यंतचं अंतर मला दोन वर्षांत कापता आलं नव्हतं. मला शरम वाटली. मी म्हणालो, "मामा, मी वाचलाच नव्हता तो प्रश्न."

"आता ऐकला ना," मामा म्हणाले.

मी टीव्ही बंद केला. खुर्ची ओढून बाकांसमोर बसलो, आणि त्या पाठात याचं उत्तर नाही हे कबूल केलं. ज्यानं पाठ लिहिला त्यानं प्रत्येक मजुराला उठून जायची मोकळीक असते असं धरलं होतं. मग कंडक्टर त्यांच्या आजोबांचं सांगू लागले, शिर्डीची सून म्हणाली की मला तरी दुकान सोडून कुठं जाता येतंय. दोन वाजून गेले तरी कोणी उठलं नाही. निघताना मामा म्हणाले, "मंग पुस्तकात तसं ल्हायला सांगा त्यान्ला."

मामा अकराही रविवार हजर राहिले आणि परीक्षेला बसले. पण निकाल लागायच्या आत मे संपला. निवृत्तीच्या कार्यक्रमात प्राचार्यांनी त्यांना शाल दिली आणि प्रामाणिकपणाचं महत्त्व या विषयावर पाऊण तास भाषण केलं. शाल ज्या ताटात ठेवली होती ते ताट धरायला कोणी नव्हतं, म्हणून मामांनी स्वतःच धरलं.

दुसऱ्या वर्गात ते पास झाले. दूरच्या शिक्षणाची पदवीही दुरूनच येते. पदवीदान नाही, पाहुणे नाहीत, लाल फीत नाही, तपकिरी पाकिटातून पोस्टानं महाविद्यालयाच्या पत्त्यावर. मी ते पाकीट घेऊन सायकलनं मामांच्या घरी गेलो. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, पाकीट फोडून कागद पाहिला आणि हसून विचारलं, "ताट न्हाई का आनलं, सर?"

मला ते सुचलं नव्हतं. मामांच्या सुनेनं मात्र आतून स्टीलचं ताट आणलं, पदवी त्यात ठेवली आणि सासऱ्यांपुढं धरली. मामांनी ती दोन्ही हातांनी उचलली. मग तिनं आम्हाला जेवायला बसवलं, भाकरी आणि वांग्याचं कालवण. शेजारपाजारचे चौघे-पाचजण ओळीनं बसले, मध्ये मामा. कोणाच्या पुढ्यात मीठ नाही हे पाहून ते दोनदा उठायला निघाले, आणि दोन्ही वेळा सुनेनं "बसा मामंजी" म्हणून त्यांना खाली बसवलं.

पुढं दोन वर्षांनी मामा गेले. मला फार वाईट वाटलं. रविवारी हजेरी घेताना अजूनही कारणांसाठी माझं पेन अडायचं.

त्यानंतरच्या वर्षी, दशक संपत आलं असताना, विद्यापीठानं मला कॅसेटच्या रेकॉर्डिंगला बोलावलं. टायवाले प्राध्यापक निवृत्त झाले होते, आणि श्रमाच्या बाजाराचा तोच पाठ आता माझ्याकडे आला होता. स्टुडिओत माझ्या तोंडाला पावडर लावली गेली. मजूर जास्त मजुरीकडे जातो हे वाक्य म्हणून मी मामांचा प्रश्न सांगितला, आणि विद्यार्थ्यांना विचार करता यावा म्हणून थोडा वेळ गप्प राहिलो. निर्माते काचेपलीकडून धावत आले. त्यांना वाटलं, मी पाठांतर विसरलो.

कॅसेट आली. नव्या शिपायानं ती लावली, आणि मी मागच्या बाकावर बसून स्वतःला शिकवताना पाहू लागलो. वेळेवर आलेला, नीटनेटका, कशानंही न अडणारा प्राध्यापक. पडद्यावरचा मी म्हणाला, मजूर जिथं जास्त मजुरी मिळेल तिथं जातो, आणि एक बारीक झटका घेऊन थेट पुढच्या मुद्द्यावर गेला. प्रश्न कापला होता. माझं गप्प बसणंही कापलं होतं.

मी उठून टीव्हीपुढं गेलो, पडद्यावरच्या मला हात जोडले आणि म्हणालो, "सर, जरा थांबा हां." वर्ग हसू लागला. नवा शिपाई रिमोट हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. नर्सबाईंचे अजून दोन विषय राहिले होते, त्या पहिल्या बाकावर होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी शिपायाच्या हातून रिमोट घेतला आणि बटण दाबलं.

पडद्यावर मी तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबलो. मग मी वर्गाकडे वळलो आणि मामांचे वडील कारखान्यावर का गेले नाहीत, ते विचारलं.